मातीवरच्या मिनी-स्प्रिंट शर्यती: इंजिनाचे नियम, तपासणी आणि न्याय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या मातीच्या ट्रॅकवर हंगामभर दर शनिवारी रात्री मी तपासणीच्या टेबलाशी मदतनीस म्हणून उभा असतो. मुलाला गाडीत बसवावं का, असा विचार करणारे इथले मराठी आईवडील आणि पुण्या-कोल्हापूरकडचे मेकॅनिकलचे विद्यार्थी मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक ट्रॅकची नियमपुस्तिका वेगळी असते, त्यामुळे गाडी नेण्याआधी तुमच्या ट्रॅकची पुस्तिका वाचाच.

१. मिनी-स्प्रिंट म्हणजे मोठी गो-कार्टच ना?

नाही. गो-कार्टला सस्पेन्शन नसतं, हिला असतं. पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यात ड्रायव्हर बसतो, ६०० सीसीच्या गाडीत इंजिन त्याच्या उजव्या हाताला असतं आणि तिथून चेन थेट मागच्या अ‍ॅक्सलवर जाते. डिफरन्शियल, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा मोठं असतं, म्हणून गाडी आपसूक डावीकडे वळू पाहते. काही गटांत डोक्यावर गाडीला जमिनीशी दाबून ठेवणारा मोठा पंख असतो, काहींत नसतो. ट्रॅक साधारण २०० ते ३२० मीटरचा, चिकणमातीचा, लंबगोल.

नावांचा घोळ मात्र आहे. ६०० सीसीच्या गाडीला बहुतेक ठिकाणी मायक्रो-स्प्रिंट म्हणतात, हजार सीसीच्या आसपासच्या गाडीला लाइटनिंग स्प्रिंट. मिनी-स्प्रिंट हे नाव जुने लोक या सगळ्यांनाच लावतात, आणि मीही इथे तसंच वापरलं आहे. मोठी भावंडं म्हणजे ४१० घनइंचांच्या, म्हणजे ६.७ लिटरच्या, सुमारे ९०० अश्वशक्तीच्या स्प्रिंट कार.

२. इंजिन मोटारसायकलचं का? खास शर्यतीचं का नाही?

कारण ते तयार मिळतं. सुझुकी जीएसएक्स-आर ६००, यामाहा आर६, होंडा सीबीआर ६००आरआर, कावासाकी झेडएक्स-६आर या गाड्यांची चार सिलिंडरची इंजिनं हलकी असतात, कारखान्यातूनच शंभराच्या वर अश्वशक्ती देतात आणि गिअरबॉक्स त्यांच्या पोटातच असतो. अपघातात मोडलेल्या बाइकचं इंजिन बऱ्याचदा शाबूत राहतं, ते काढून गाडीत बसवायचं. घरच्या गॅरेजमध्ये, दोन माणसांनी, नोकरी सांभाळून करता येईल असा हा खेळ त्यामुळेच आहे. इंजिनाच्या नियमांवर लोक इतके हिरिरीने का भांडतात याचं उत्तरही यातच आहे. हे घरचं आवार वाचवण्यासाठी चाललेलं भांडण आहे.

३. गट कसे पाडतात?

बैलगाडा शर्यत पाहिली असेल तर लगेच समजेल. तिथे दात बघून आदत, दुसा, चौसा असे गट होतात, म्हणजे कोवळ्या खोंडाला पूर्ण वाढलेल्या बैलासमोर पळावं लागत नाही. इथे दाताच्या जागी इंजिन. सगळ्यात लहान मुलांसाठी एका सिलिंडरची सीलबंद इंजिनं (प्रश्न ९). त्यानंतर हवा कोंडलेलं ६०० सीसी इंजिन (प्रश्न १०). मग कारखान्यातून आलं तसंच ठेवायचं 'स्टॉक' ६००, आणि सगळ्यात वर 'आउटलॉ', ज्यात इंजिनाच्या आत बहुतेक सगळं चालतं. त्यात पंखाचे आणि बिनपंखाचे असे आणखी भाग.

४. नियमात '६०० सीसी' लिहिलं की झालं. मग वाद कसला?

वाद तिथूनच सुरू होतो. सीसी म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची खालीवर धाव) यांचा हिशेब. २००६ पासूनच्या आर६ चा बोअर ६७ मिलिमीटर, स्ट्रोक ४२.५. चार सिलिंडरांचं आकारमान निघतं ५९९.४ सीसी. छान.

आता कावासाकी घ्या. २०१३ पासूनच्या झेडएक्स-६आरचा बोअर तोच ६७, पण स्ट्रोक ४५.१. आकारमान ६३६ सीसी, म्हणजे सहा टक्के जास्त. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी ही गाडी त्याच '६००'च्या रांगेत उभी असते. २००३ ते २००६ या काळातही ६३६ चं मॉडेल होतं, तेव्हा शर्यतीच्या नियमात बसावं म्हणून कावासाकीने ५९९ सीसीची झेडएक्स-६आरआर वेगळी काढली होती. कंपनीलाच दोन इंजिनं काढावी लागली, तर ट्रॅकच्या पुस्तिकेत एक ओळ पुरेल कशी?

दुसरी बाजू झिजेची. सिलिंडर फक्त पाच शतांश मिलिमीटर झिजला, ६७.०५ झाला, की तेच आर६ इंजिन ६००.३ सीसी भरतं. पुस्तिकेत 'कमाल ६००' एवढंच असेल तर ज्याच्याकडे नवं इंजिन घ्यायला पैसे नाहीत तोच बाद होतो. म्हणून चांगल्या नियमात आकारमानासोबत झिजेची सूट आकड्यात लिहिलेली असते, आणि कुठली मॉडेलं चालतात त्यांची यादीही असते. यादी नसलेली पुस्तिका मी अपुरी समजतो.

५. 'स्टॉक' म्हणजे नक्की काय? इंजिन खोलून पुन्हा बांधलं तर ते स्टॉक राहतं का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. सरळ उत्तर: सुटे भाग कारखान्याचे आणि मापं कारखान्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेत असतील, तर खोलून बांधलेलं इंजिनही स्टॉक.

पण त्या मर्यादेतच बरीच जागा असते. कारखान्यात हजारो इंजिनं बनतात, प्रत्येक मापाला थोडी सवलत असते. एखादा जाणकार बांधणारा प्रत्येक माप त्या सवलतीच्या फायद्याच्या टोकाला नेतो. चारही ज्वलनकक्ष सारखे करतो, कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) टायमिंग अंशाअंशाने जुळवतो, व्हॉल्व्हची बैठक नीट करतो. एकही भाग बेकायदा नसतो, तरी इंजिन शेजारच्यापेक्षा बरं चालतं. याला लबाडी म्हणावी का? मी म्हणत नाही. ही कारागिरी आहे. मात्र ही कारागिरी विकत घेता येते, आणि ज्याला घेता येत नाही त्याला ती लबाडीसारखीच बोचते. ती बोच मला खोटी वाटत नाही.

रेष कुठे ओढायची ते मात्र स्पष्ट आहे. हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) पोर्टना, म्हणजे हवा-इंधनाच्या वाटांना, हत्यार लावलं, हेड घासून पातळ केलं, कारखान्यापेक्षा पातळ गॅस्केट घालून कम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती दाबतं ते) चढवलं, कॅमचा आकार बदलला, तर स्टॉक संपलं. २००८ नंतरच्या आर६ चं कम्प्रेशन कारखान्यातूनच १३.१ ला १ आहे, तिथून वर जायला फार मोठा बदल लागत नाही. आणखी एक खूण. यातल्या बऱ्याच इंजिनांच्या सिलिंडरला आतून कठीण लेप असतो. आपल्याकडच्या गल्लीतल्या गॅरेजसारखं बोअर मारून ओव्हरसाईझ पिस्टन घालायची सोय त्यात नसते. असं पिस्टन सापडलं तर ते चुकून आलेलं नसतं, कुणीतरी खर्च करून बसवलेलं असतं. ते कुणी बसवलं, हा प्रश्न वेगळा (प्रश्न १४).

६. पेट्रोल आणि मिथेनॉल एकाच शर्यतीत चालवणं योग्य आहे का?

इंजिन तेच असेल तर माझ्या मते नाही. मिथेनॉल हे अल्कोहोलचं इंधन, त्याला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, मिथेनॉलला ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन घालता येतं. ते बाष्प होताना बरीच उष्णता शोषतं, आत जाणारी हवा गार आणि दाट होते, इंजिन तापत नाही, जास्त कम्प्रेशन सोसतं. स्टॉक कम्प्रेशनवर हा फायदा लहान असतो, वाढवलेल्यावर मोठा.

उलट बाजूही सांगतो. मिथेनॉल अ‍ॅल्युमिनियम खातं, हवेतलं पाणी ओढतं, प्रत्येक रात्रीनंतर इंधनमार्ग धुवावा लागतो. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून पिटमध्ये (गाड्या उभ्या करायच्या, दुरुस्तीच्या जागेत) पाण्याची बादली हाताशी हवीच. मात्र त्याची आग पाण्याने विझते. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत १९६४ मध्ये पेट्रोलच्या आगीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड गेले, त्यानंतर तिथल्या गाड्या मिथेनॉलकडे वळल्या त्या यासाठी. एका गटाला एकच इंधन, एवढं साधं ठेवलं तर निम्मे वाद उरतच नाहीत.

७. शर्यतीनंतर तपासणीत नेमकं काय बघतात?

आधी वजन, ड्रायव्हरसकट, अंगावरच्या सूट-हेल्मेटसकट. काट्यावर येण्याआधी गाडी पिटमध्ये वळली तर बाद. मग पहिल्या तीन-चार गाड्या टेकच्या, म्हणजे तपासणीच्या, तंबूत.

बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी पटकन होतात: रिस्ट्रिक्टर (प्रश्न १०), इनटेक, ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या डब्याची) बनावट, टायरचा मऊपणा. इंधनाचा नमुना काढून घनता तपासतात. तापमान विचारात न घेता घनता मोजणारा तपासनीस चुकीच्या माणसाला बाद करेल, म्हणून थर्मामीटर सोबत हवाच. नमुन्यात काही मिसळलं आहे का हे बघायला छोटं विद्युत मीटर असतं, त्यात शुद्ध नमुन्याशी तुलना करतात.

इंजिनाच्या आतलं बघायचं तर दर वेळी हेड उतरवावं लागत नाही. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग जवळपास मधोमध असतो. त्याच्या भोकातून सळई सोडून इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन किती खालीवर होतं ते मोजता येतं. ४२.५ आणि ४५.१ यातला २.६ मिलिमीटरचा फरक लपत नाही, प्रश्न ४ मधलं नवं ६३६ पाच मिनिटांत ओळखू येतं. मात्र २००३-०६ च्या ६३६ चा बोअर ६८ आणि स्ट्रोक ४३.८ आहे. तिथे फरक १.३ मिलिमीटरच पडतो, म्हणून हात स्थिर हवा. प्लगच्या भोकाशी हवा सोडून तिच्या सुरावरून ज्वलनकक्षाचं माप, आणि त्यावरून कम्प्रेशन सांगणारं यंत्रही मिळतं. छोट्या कॅमेऱ्याने पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्ह दिसतात. बोअर आणि कॅम यांसाठी मात्र खोलावंच लागतं.

रात्री साडेअकराला, दिव्यांखाली, दमलेल्या माणसांसमोर गरम इंजिन खोलणं किती जड जातं ते एकदा अनुभवा. मालकाच्या डोळ्यांत तेव्हा जे असतं ते बघून मी प्रत्येक बोल्ट हळू फिरवायला शिकलो.

८. ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आहे, तरी काही जण वापरतात असं ऐकलं. पकडत का नाहीत?

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे चाक जागच्या जागी फिरू लागलं की ताकद आपोआप आवरणारी यंत्रणा. ती पकडणं अवघड आहे. चाकाला सेन्सर लावला तर दिसेल. पण इंजिनाचे फेरे अचानक उसळले की ठिणगी किंचित उशिरा टाकायची, एवढा ईसीयूचा प्रोग्रॅम पुरतो, आणि तो डब्याच्या आत असतो. बाहेरून तार नाही, वजन नाही.

माझं ठाम मत याच प्रश्नामुळे झालं: जो नियम शनिवारी रात्री, ट्रॅकवर असलेल्या हत्यारांनी, तासाभरात तपासता येत नाही, तो प्रामाणिक माणसाला दंड करणारा नियम आहे. प्रामाणिक माणूस तो पाळतो आणि मागे राहतो. दुसरा तो पाळत नाही आणि करंडक नेतो. बंदी लिहिणं सोपं असतं. तिच्या शेजारी 'कशी तपासणार' हे लिहायला गेलं की पेन थांबतं. तिथे पेन थांबलं तर नियम वेगळ्या बाजूने लिहावा. ट्रॅक्शन कंट्रोलपुरतं बोलायचं तर ठरावीक बनावटीचा, प्रोग्रॅम न बदलता येणारा ईसीयूच चालेल असं म्हणता येतं. किंवा अधिकाऱ्यांना वाटेल तेव्हा दोन गाड्यांचे डबे आपसात बदलता येतील, किंवा ट्रॅकचा डबा लावून गाडी पळवता येईल, असं म्हणता येतं. डबा बदलला जाऊ शकतो हे माहीत असलं की त्यात काही लपवायची इच्छाच मरते.

९. मग सगळ्यांना सीलबंद इंजिन द्या. प्रश्नच मिटला, नाही का?

मुलांच्या गटात बराचसा मिटतो. ब्रिग्स अँड स्ट्रॅटनचं एलओ २०६ हे २०४ सीसीचं इंजिन कारखान्यातूनच सील लावून येतं. मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर ते स्वतःला आवरतं. सील तुटलं की इंजिन शर्यतीतून गेलं. मुलाच्या वयाप्रमाणे कार्ब्युरेटरची स्लाइड बदलली की ताकद कमी-जास्त होते, आणि स्लाइड रंगाने ओळखता येते. नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला इंजिनातलं काही कळत नसलं तरी रंग कळतो. हा नियम मला अतिशय आवडतो.

मोठ्यांच्या स्टॉक कार, म्हणजे पूर्ण आकाराच्या मोटारींच्या, गटांत जनरल मोटर्सच्या ६०२ आणि ६०४ इंजिनांनी, म्हणजे ३५० आणि ४०० अश्वशक्तीच्या, हेच केलं. सील तिथेही आहे. पण सील बोल्टला असतं, माणसाच्या इच्छेला नसतं. सील पुन्हा बसवणारे निघतात, मग सीलांची तपासणी सुरू होते. सील शाबूत ठेवून दहा इंजिनं विकत घ्यायची, त्यातलं सर्वांत बरं ठेवायचं, बाकीची विकायची, हेही होतं.

६०० सीसीच्या बाइक इंजिनाला ही पद्धत लावायची तर आणखी एक अडचण आहे. ते मोडीतून येतं, त्यामुळे सील लावण्याआधी ते आतून कसं आहे हे कुणीतरी खोलून बघावं लागेल, आणि त्याचा खर्च मालकावर पडेल. प्रश्न २ मधलं घरचं गॅरेज इथे हरतं.

१०. रिस्ट्रिक्टर म्हणजे काय? त्याने सगळे खरंच सारखे होतात का?

हवा जायच्या वाटेत ठरावीक भोकांची पट्टी. इंजिन कितीही फिरलं तरी त्या भोकातून ठरावीक हवाच जाते. पुण्यातल्या फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी गाडी बांधून धावायच्या स्पर्धेतल्या) मुलांना हे सांगायला नको. त्यांच्या नियमात ७१० सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, पण सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच गोल भोकातून यावी लागते. मग चारशे सीसीचं, चाकणला बनणारं केटीएम ३९० चं इंजिनही मोठ्या इंजिनांसमोर टिकाव धरतं.

रिस्ट्रिक्टर कमाल ताकद जवळ आणतो. खालच्या फेऱ्यांतला जोर तो सारखा करत नाही. आणि इथे गाड्या वळणातून बाहेर पडताना जिंकतात. तरीही तो मला आवडतो, कारण भोक मोजायला एक गेज पिन पुरते. पिन जाते किंवा जात नाही. वादाला जागा नाही.

जुनं उदाहरण अमेरिकेतल्या मोठ्या मोटार-शर्यतींचं, नॅस्कारचं. १९८७ मध्ये टॅलाडेगाला बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उडून कुंपणावर आदळली, आणि १९८८ पासून डेटोना-टॅलाडेगाला पट्ट्या बसल्या. त्या वेग आवरायला होत्या. सगळे सारखे झाले, एकमेकांना चिकटून घोळक्याने धावू लागले आणि एका चुकीत पंधरा गाड्या गुंतू लागल्या. लहान मुलांच्या गटात पट्टी लावताना मी हे लक्षात ठेवतो. सारखेपणाबरोबर गर्दी येते.

११. सगळ्या इंजिनांना डायनोवर चढवून ताकद मोजा ना.

पुष्कळांना ही कल्पना सुचते. पण तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब यांनी आकडा हलतो. दोन डायनो एकाच इंजिनाला दोन आकडे देतात. डायनोवर एक प्रोग्रॅम आणि ट्रॅकवर दुसरा, हेही जमतं (प्रश्न ८). शिवाय ६० गाड्यांच्या रात्री वेळ कुणाकडे आहे? गट नव्याने आखताना दोन प्रकारच्या इंजिनांची तुलना करायला डायनो उत्तम. माणसाला दोषी ठरवायला नाही.

१२. माझं वजन ९५ किलो आहे. पंचावन्न किलोच्या पोरासमोर मला न्याय मिळतो का?

किमान वजन ड्रायव्हरसकट धरतात, म्हणून बराचसा मिळतो. समजा मर्यादा ३४० किलो आहे. हलक्या ड्रायव्हरला शिसं बांधून तिथे पोचावं लागतं. पण तुमची गाडी तुमच्यासकट ३५५ भरली, तर १५ किलो, म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त ओझं तुम्ही वाहता. १२५ अश्वशक्तीच्या गाडीत ते पाच-साडेपाच अश्वशक्ती गमावण्यासारखं आहे. इंजिनाच्या वादात लोक याहून लहान फरकांसाठी भांडतात!

आणि शिसं हवं तिथे, खाली आणि डावीकडे बांधता येतं. पोट हलवता येत नाही. माझ्या मते किमान वजन भारी ड्रायव्हरला झेपेल इतकं वर हवं. हा एक आकडा बदलायला पैसा लागत नाही, तरी तो बदलण्याचा ठराव बैठकीत सहसा पडतो, कारण बैठकीत हलके ड्रायव्हर जास्त असतात.

१३. क्लेमचा नियम काय असतो? तो इकडे का नाही?

शर्यतीनंतर ठरलेली रक्कम टेबलावर ठेवायची आणि जिंकणाऱ्याचं इंजिन मागायचं. दिलं नाही तर त्याची जीत जाते. हजाराचं इंजिन दहा हजार खर्चून कुणी बांधत नाही, कारण ते हजारात जाऊ शकतं. १९१५ पासूनच्या आयएमसीए या अमेरिकी शर्यत-संस्थेने १९७९ मध्ये सुरू केलेल्या मॉडिफाइड गटाची वाढ या नियमाच्या आधाराने झाली.

नियम सुंदर आहे, कारण तपासनीसच लागत नाही. पण द्वेषाने क्लेम करणारे निघतात. शिवाय बाइकच्या इंजिनासोबत गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू असं सगळं गुंतलेलं असतं, त्यातलं काय द्यायचं आणि काय ठेवायचं यावरच रात्र जाते. लहान मुलाचं इंजिन त्याच्यासमोर उतरवून नेणं मला बघवणार नाही, हेही खरं.

१४. जुनं इंजिन 'स्टॉक' म्हणून विकत घेतलं. तपासणीत बेकायदा निघालं. यात माझा काय दोष?

दोष नाही, तरी बाद व्हाल. नियम गाडीला लागतो. मागे धावलेला मुलगा सरळ इंजिनाने धावला होता, आणि त्याचा नंबर त्याला मिळायलाच हवा.

पण निकालातून काढणं आणि शिक्षा देणं या दोन गोष्टी आहेत. एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या इंजिनात आधीच्या मालकाने मोठी पिस्टन घातली होती. बापाला पत्ता नव्हता, मुलाला तर नव्हताच. निकाल काढून घेतला, ते बरोबर. सोबत हंगामभराची बंदी घातली आणि भोंग्यावर नाव घेतलं, ते चूक. तेव्हा मी गप्प राहिलो, त्याची खंत मला आजही आहे. तो मुलगा परत आला नाही. पहिल्या वेळी फक्त निकाल आणि गुण जावेत, दुसऱ्या वेळी बंदी यावी. यादीबाहेरचा भाग सापडला तर विकणाऱ्याचंही नाव अधिकाऱ्यांनी नोंदवावं.

१५. शेजारची गाडी बेकायदा आहे अशी खात्री आहे. तक्रार कशी करू?

लेखी, ठरलेल्या मिनिटांत, तक्रारीची फी भरून. सहसा त्याच शर्यतीत धावलेल्या ड्रायव्हरलाच हक्क असतो. इंजिन बेकायदा निघालं तर फी परत मिळते. कायदेशीर निघालं तर ती मालकाला जाते, कारण नवं गॅस्केट आणि त्याची रात्र दोन्ही त्याचंच गेलेलं असतं. 'इंजिन बघा' असं लिहू नका. 'स्ट्रोक मोजा' किंवा 'कॅम बघा' असं नेमकं लिहा. नेमकं लिहिता येत नसेल तर खात्री नाही, राग आहे. तो रात्रभर थांबू द्या.

तक्रार करणाऱ्याला चुगलखोर म्हणायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. फी भरून, सही करून, समोर उभा राहणारा माणूस पिटमध्ये कुजबुजणाऱ्या दहांपेक्षा बरा.

१६. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक एकत्र धावले तर सीसी कसं ठरवायचं?

टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून सारखं सीसी म्हणजे अन्याय. मोटोक्रॉसने २५० टू-स्ट्रोकला ४५० फोर-स्ट्रोक असं गणित बसवलं, आणि मोठ्या गटातून टू-स्ट्रोक जवळजवळ हद्दपारच झाले. मातीवर सलग, गुळगुळीत जोर लागतो. टू-स्ट्रोकचा जोर एकदम उसळतो आणि चाक फिरत राहतं. गणित कागदावर बरोबर असूनही मैदानावर एका बाजूला झुकतं, याचा हा चांगला धडा आहे.

१७. बाइकचं मॉडेल बंद झालं तर?

झालंच आहे. रस्त्यावरची आर६ यामाहाने २०२० नंतर थांबवली. मोडीतून येणारी इंजिनं दर वर्षी जुनी आणि महाग होत जाणार. काही जण म्हणतात ६३६ ला रिस्ट्रिक्टर लावून घ्या, काही म्हणतात वजन वाढवून घ्या. मी पहिल्याच्या बाजूचा, कारण प्रश्न १० मधली पिन. पण हे हंगामाच्या मधे नको. नियम बदलायचा तर हंगाम संपताच जाहीर करावा, म्हणजे माणसाला सगळा हिवाळा हातात मिळतो.

१८. टल्साला जायचं आहे. घरच्या ट्रॅकचं इंजिन चालेल?

गृहीत धरू नका. ओक्लाहोमातली टल्सा शूटआउट ही छोट्या गाड्यांची स्पर्धा १९८५ पासून भरते, वर्षअखेरीस, छपराखाली, आणि हजारावर गाड्या येतात. तिची पुस्तिका स्वतंत्र आहे. तुमच्याकडचा 'स्टॉक' तिथे दुसऱ्याच गटात बसू शकतो. घरचे बहुतेक ट्रॅक आता मोठ्या स्पर्धांच्या नियमांशी जुळवून घेतात, ते प्रवास करणाऱ्यांच्या सोयीचं आहे. मात्र जे कधीच प्रवास करणार नाहीत त्यांना दुसऱ्याच्या पुस्तिकेसाठी सुटे भाग बदलावे लागतात. आमच्या बैठकीत दोन्ही बाजूंना मी टाळ्या ऐकल्या आहेत.

१९. इंजिन सारखी केली तरी पैसेवालाच जिंकतो. मग एवढा आटापिटा कशाला?

शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टायर, सरावाचे दिवस, सगळ्याला पैसा लागतो. मोठ्या स्प्रिंट कारमध्ये ४१० महाग झाली म्हणून स्वस्तात धावायला ३६० आणि ३०५ घनइंचांचे गट आले, आणि चांगलं ३६० इंजिनही आज स्वस्त राहिलेलं नाही. हे मी नाकारत नाही.

पण माती आपल्या बाजूला आहे. ट्रॅक वाळून घसरडा झाला की जास्तीची ताकद फक्त चाक फिरवते. अशा रात्री थकलेल्या इंजिनाची, पण हलक्या पायाची मुलगी पुढे येते. आज नॅस्कारमध्ये असलेला क्रिस्टोफर बेल ओक्लाहोमातल्या अशाच छोट्या गाड्यांतून वर आला. नियमांनी एवढंच करायचं आहे की त्या हलक्या पायाला शेवटपर्यंत संधी राहावी.

२०. पहिलं इंजिन घेतोय. विकणाऱ्याला काय विचारू?

कुठल्या बाइकचं, कुठल्या वर्षाचं, शेवटचं कधी आणि कुणी खोललं, ईसीयू मूळचा आहे का. मग पैसे देण्याआधी तुमच्या ट्रॅकच्या तपासनीसाला फोन करून 'हे बघून देता का' असं विचारा. बहुतेक जण आनंदाने बघून देतात. प्लग काढायचा, सळई सोडायची, कॅमेरा घालायचा, वीस मिनिटांचं काम. मी तरी शुक्रवारी संध्याकाळी यासाठी मोकळा असतो.